सोसणं आणि सुटणं

ज्येष्ठ सरत येतो आणि तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेला लागते. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि दिवस कलताना पालखी सणसरला टेकते. दोन्ही बाजूंनी नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला ऊस, पलीकडे भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं धुराडं. गावात त्या रात्री घराघरातून भाकरी निघतात. दिवसभर डोक्यावर तुळस वाहिलेल्या बायका पाय चेपत बसतात आणि बसल्या बसल्या कुणीतरी अभंग धरते. कधी जनाबाईचा, कधी सोयराबाईचा.

सोयराबाई चौदाव्या शतकातली, चोखामेळ्याची बायको. आपल्या अभंगांत ती स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेते, जात लपवत नाही. तिच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात तिने मांडलेला मुद्दा अगदी साधा आहे आणि म्हणूनच त्यातून सुटायला कुणाला वाट राहत नाही. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता तो देहातच आहे, देह त्यातूनच घडतो, मग जगात सोवळा देह राहिला कुणाचा? बाळंतपणं काढलेल्या बाईलाच असं बोलणं सुचावं. शास्त्र्यांच्या वादात ती शिरत नाही. जन्माची गोष्ट काढते, आणि ती गोष्ट सगळ्यांचीच असते.

सातशे वर्षांनंतर हा अभंग पालखीच्या वाटेवर प्रेमाने गायला जातो. ज्या वस्तीच्या बाईने तो रचला त्या वस्तीच्या बायकांना मात्र या सातशेतली सहाशेहून अधिक वर्षं पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरच उभं राहावं लागलं. गाणं आत गेलं, गाणारीण बाहेर राहिली. देवाच्या दारात नेमकं काय घडतं, हा प्रश्न मग नुसत्या श्रद्धेचा राहत नाही. सोसणाऱ्या माणसाचं कौतुक करून त्याच्या सुटकेचा विषय टाळता येतो का, असा तो प्रश्न होतो. समुद्रापलीकडच्या कृष्णवर्णीय लेखिकांनी तो कादंबऱ्यांतून विचारला आणि इथे महाराष्ट्रात दलित लेखिकांनी आत्मकथनांतून. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना भेटल्या नव्हत्या, तरी त्यांचं बोलणं इतकं जवळून जातं की ते शेजारी ठेवूनच वाचायला हवं.

१८५५ सालची गोष्ट. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या निबंधात ती थेट देवाशी बोलते. वेद ब्राह्मणांचे आणि आम्हाला ते पाहायचीही बंदी, तर आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असं ती विचारते. आणि मग आपल्या जातीच्या बायका उघड्यावर, डोक्यावर छप्पर नसताना कशा बाळंत होतात, थंडीपावसात त्यांचं काय होतं, ते सांगते. सोयराबाईचाच धागा आहे हा. धर्माचा निवाडा करायचा तर बाळंतिणीच्या जागेवर बसून करा, असं ही पोरगी सांगत होती.

पुढच्याच वर्षी, १८५६ च्या जानेवारीत, अमेरिकेत केंटकीतून मार्गारेट गार्नर नावाची एक गुलाम बाई मुलाबाळांसह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. माग काढत माणसं आली, घराला वेढा पडला, तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. गुलामीत परत जाण्यापेक्षा मेलेली बरी म्हणून. खटला उभा राहिला आणि त्यात सर्वांत कळीचा मुद्दा कोणता होता? खून झाला हा नव्हे. पळालेला माल मालकाला परत द्यायचा की नाही, हा. तिला परत पाठवलं गेलं आणि १८५८ मध्ये विषमज्वराने ती गेली.

टोनी मॉरिसन एका प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. १९७४ मध्ये निघालेल्या ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाचं काम करताना या घटनेचं जुनं कात्रण त्यांच्या हाती लागलं. त्यातून १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली. कादंबरीतली सेथी हीच ती आई. पण मॉरिसन तिला न्यायालयात उभी करत नाहीत, कादंबरीचा भर खटल्यानंतरच्या घरावर आहे. कायद्याने गुलामी संपलेली आहे, सेथी मोकळी आहे, आणि तिच्या घरात मारलेल्या लेकीचं भूत नांदतं आहे. मोकळं होणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला मॉरिसननी अख्खी कादंबरी खर्ची घातली.

त्याच कादंबरीत सेथीची सासू आहे, बेबी सग्ज. मुलाने कामाचे जादा दिवस विकून तिला विकत घेऊन मोकळं केलेलं. मोकळी झाल्यावर ती रानातल्या मोकळवणात जमलेल्या माणसांपुढे प्रवचन करते. पापपुण्याचं त्यात काही नसतं. आपले हात, मान, तोंड, काळीज यांवर प्रेम करा, कारण पलीकडची माणसं त्यांवर प्रेम करणार नाहीत, एवढंच ती सांगते. मराठी वाचकाला इथे सोयराबाई आठवल्याशिवाय राहत नाही. दोघींनी देहालाच शास्त्र केलं. एकीने सांगितलं की विटाळाविना देहच नाही, दुसरीने सांगितलं की हा देह तुमचा आहे.

पण दोघींच्या देहावरचा जुलूम एकसारखा नव्हता, आणि तो एकसारखा मानला तर दोघींवर अन्याय होईल. अमेरिकेतली गुलाम बाई मालकाच्या घरात होती. ती त्याचं अन्न शिजवी, त्याच्या पोरांना अंगावर पाजी. तिचा स्पर्श हवा होता. तिची मालकी तिच्याकडे नव्हती. इकडे महारवाड्यातल्या बाईची सावलीही नको होती. दुकानदार वरून पैसे टाकून घेई आणि वरून माल टाके. तिथे जवळीक लादलेली, इथे अंतर लादलेलं. म्हणून तिकडच्या कादंबऱ्यांत सुटका म्हणजे आपलं शरीर, आपलं मूल आपल्याकडे परत येणं. आणि इकडच्या आत्मकथनांत सुटका म्हणजे पाणवठ्यावर, शाळेत, देवळात, माणसांच्या शेजारी उभं राहायला मिळणं. अर्थात अस्पृश्य बाईच्या अंगावर हात टाकताना विटाळ कुणाला आठवत नसे, हेही इथल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

ही तुलना आज कुणी नव्याने जोडलेली नाही. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ही सगळी ये-जा मुख्यतः पुरुषांमधली. बायकांचं पुस्तक त्या वाटेने आलं नाही. ते घरातून, चुलीपासून, दुकानाच्या गल्ल्यापासून आलं.

सणसरहून नीरा ओलांडून पलीकडे गेलं की फलटण तालुका लागतो. तिथे बेबीताई कांबळे यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. माल बांधायला रद्दीचे कागद यायचे. ते त्या आधी वाचून काढत. मग लिहू लागल्या आणि लिहिलेलं दडवून ठेवू लागल्या. नवऱ्यापासून, मुलांपासून, जवळजवळ वीस वर्षं. फलटणला स्थायिक झालेल्या, मूळच्या अमेरिकन असलेल्या शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांना त्या वह्यांचा सुगावा लागला आणि त्यांनी आग्रह धरला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ‘जिणं आमुचं’ क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं.

वीस वर्षं दडवलेल्या या वह्यांशेजारी हॅरिएट जेकब्जची गोष्ट ठेवावीशी वाटते. नॉर्थ कॅरोलायनातली ही गुलाम बाई मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी आजीच्या घरालगतच्या खोपटाच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, सर्वांत उंच भागी तीन फूट. उभं राहता येत नव्हतं. एका छिद्रातून ती खाली खेळणारी आपली पोरं पाही. पळून उत्तरेत पोहोचल्यावर १८६१ मध्ये तिने दुसऱ्या नावाने आपली कहाणी छापली, आणि पुढे कितीतरी काळ अभ्यासकांनी ती कादंबरीच मानली, गुलाम बाई इतकं चांगलं लिहील यावर विश्वास बसेना म्हणून. एकीने देह दडवला, एकीने वह्या. दोघींनाही दडण्यासाठी घरच शोधावं लागलं.

‘जिणं आमुचं’ मध्ये आषाढाचं वर्णन आहे. तोच आषाढ, ज्यात पालखी पंढरीला पोहोचते. महारवाड्यात तो देवीचा महिना. घरं सारवली जात, बायका न्हात, आणि एरवी ज्यांना कुणी विचारत नसे त्यांच्या अंगात देवी येई. तेवढ्यापुरता त्यांचा शब्द चाले, पुरुष हात जोडून समोर बसत. बेबीताईंनी हे प्रेमाने लिहिलं आहे आणि त्याच हाताने त्याची किंमतही लिहिली आहे: घरातला थोरला मुलगा देवाला वाहून पोतराज करायची रीत, उपाशी पोटी केलेले नवस, आणि महिना संपला की पुन्हा तेच जिणं. देवाने या बायकांना वर्षातून काही दिवस मोठेपण दिलं आणि बाकीचं वर्ष जसंच्या तसं ठेवलं. धर्म माणसाला तगायला मदत करतो, हे खरंच आहे. प्रश्न असा की तगण्याची सोय करून देणारा धर्म तगावं लागण्याचं कारणही सांभाळून ठेवतो का?

समुद्रापलीकडेही हाच पेच होता. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तीत इजिप्तमधल्या दास्यातून इस्रायलींना मोझेस बाहेर काढतो तो भाग जवळपास सगळा वगळला होता. धन्याची आज्ञा पाळा, हे मात्र राहू दिलं. धर्मग्रंथातला कुठला भाग कुणाला वाचू द्यायचा हे ठरवणारे हात सगळीकडे सारखेच असतात. मुक्ता साळवेने नेमकं त्याच हातावर बोट ठेवलं होतं.

ॲलिस वॉकर यांच्या १९८२ च्या ‘द कलर पर्पल’मधली सिली चौदाव्या वर्षापासून देवाला पत्रं लिहिते. तिच्यावर घरातच बलात्कार झालेला आहे आणि देवाशिवाय कुणाला सांगायचं नाही असं तिला बजावलेलं आहे. अर्ध्याहून अधिक पुस्तक झाल्यावर ती देवाला लिहिणं थांबवते. तिच्या लक्षात येतं की इतकी वर्षं जो तिच्या मनात बसला होता तो एक म्हातारा गोरा माणूस होता, तिच्या आयुष्यातल्या इतर पुरुषांसारखाच ऐकून न ऐकणारा. मग ती बहिणीला लिहू लागते. शेवटच्या पत्रात देव परत येतो, पण आता तो आभाळ, झाडं आणि माणसं यांच्या रांगेत. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांतही देवाशी असंच कडू बोलणं आहे. आम्हाला हीन करून तुला काय मिळालं, असा त्याचा सूर. बापाच्या पिढीने कधी कधी मागच्या जन्मीच्या पापावर बोट ठेवलं, पोराने ठेवलं नाही. भक्ती म्हणजे नेहमी मान डोलावणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या घराण्याचे अभंग पुन्हा वाचावेत.

आता सोसणाऱ्याच्या त्या कौतुकाकडे यावं लागतं. सोशीक हा शब्द मराठीत बाईची स्तुती म्हणूनच वापरला जातो. दलित बाईबद्दल, कष्टकरी बाईबद्दल तर हमखास. दिवाळी झाली की सणसरच्या याच रस्त्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा परवडत नाही. पाळी आली म्हणूनही नाही, बाळंतपण जवळ आलं म्हणूनही नाही. पहाटेच्या थंडीत पाचटात उभ्या राहिलेल्या या बायका पाहून किती काटक आहेत असं लोक म्हणतात. त्यांतल्या कितीजणींनी तरुणपणीच गर्भाशय काढून टाकलं हे गाजलं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. काटकपणाची ही किंमत फडावर कुणाला दिसत नव्हती असं नव्हे. काटक आहेत म्हटलं की पुढचं बघावं लागत नाही, एवढंच.

कृष्णवर्णीय लेखिकांनी हे फार लवकर ओळखलं. झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी १९३७ ची. तीत गुलामी भोगलेली आजी नातीचं लग्न जमीनजुमला असलेल्या थोराड माणसाशी लावून देते. ओझी वाहायची पाळी नातीवर येऊ नये, एवढंच त्या म्हातारीचं स्वप्न. नात जेनी त्या सुरक्षिततेत गुदमरते आणि निघून जाते. आजीची माया खरी होती आणि तिचं स्वातंत्र्याचं माप लहान होतं, हे हर्स्टन दोन्ही सांगतात आणि आजीला खलनायिका करत नाहीत. असा न्याय करायला मोठी लेखणी लागते. हर्स्टन स्वतः १९६० मध्ये गरिबीत वारल्या, कबरीवर खूणही नव्हती. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर फ्लोरिडात जाऊन रान तुडवत ती जागा शोधत फिरल्या आणि तिथे दगड बसवला.

आणि बेबी सग्ज? मोकळवणात देहाचं स्तोत्र सांगणारी ती म्हातारी नातीच्या मृत्यूनंतर प्रवचन सोडून देते. अंथरूण धरते, गोधडीवरच्या रंगांचे तुकडे बघत पडून राहते आणि तशीच मरते. मॉरिसननी तिला तगवलं नाही. हे कादंबरीतलं सर्वांत धाडसाचं पान मानायला हवं. वाचकाला हवी असते न मोडणारी बाई. लेखिका दाखवते की माणूस मोडतो, आणि मोडला तर दोष त्याचा नसतो. मागून आलेली सेथी वाचते तीही आपल्या बळावर नव्हे. वस्तीतल्या ज्या बायकांनी तिला अठरा वर्षं वाळीत टाकलं होतं, त्याच तिच्या अंगणाबाहेर जमून गातात, तेव्हा भूत जातं.

दलित लेखिकांनी ही वाळीत टाकण्याची, आपल्याच माणसांची गोष्टही दडवली नाही. बेबीताईंनी लिहिलं की सासुरवासाला कंटाळून पळणाऱ्या कोवळ्या सुनांच्या पायात लाकडी खोडा अडकवत, कधी नाकही कापत. गावाने माणूस न मानलेल्या वस्तीत घराघरात एकेक गुलाम होती, हे लिहिणं सोपं नव्हतं. वस्तीची बदनामी होईल, हा धाक दोन्ही खंडांत सारखाच. ‘द कलर पर्पल’वर १९८५ मध्ये चित्रपट आला तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांची प्रतिमा मलिन केल्याबद्दल निदर्शनं झाली. बेबीताईंनी त्या आरोपाच्या भयाने वह्या दडवल्या असतील, पण फाडल्या नाहीत, आणि छापताना खोड्याचं पान गाळलं नाही.

कोकणात फणसवळ्याच्या उर्मिला पवार यांनी ‘आयदान’ (२००३) मध्ये आपल्या आईला असंच पाहिलं आहे. आयदान म्हणजे बांबूच्या कांबींनी विणलेली सुपं, टोपल्या. आई दिवसभर विणत बसे. लेखिकेने आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचा धागा जोडला, पण आईला देव्हाऱ्यात बसवलं नाही. तिची कावलेली जीभ, तिचं कोंडलेलं दुःख सारं पुस्तकात आहे. त्यांच्या ‘कवच’ या कथेतली आंबे विकणारी आई गिऱ्हाइकांच्या दुहेरी अर्थाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देते आणि तिच्या पोराला मात्र ते सारं असह्य होतं. आई खंबीर आहे म्हणून तिला लागत नाही, असं पोराला वाटत नाही. कथेचं नाव कवच आहे, आणि कवच घालावं लागतं तेव्हा समोर शस्त्र असतं, हे त्या पोराला कळलेलं आहे.

आंबेडकरी चळवळीने या बायकांना दिलेली गोष्ट धीर या शब्दात मावत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांना सांगितलं की लुगडी इतर बायकांसारखी नेसा, जातीची खूण अंगावर बाळगू नका, पोरींना शाळेत घाला. कितीतरी जणींनी तिथल्या तिथे नेसण बदललं. तोवर गुडघ्याच्या वर लुगडं हा सोसण्याचा भाग होता. त्या दिवशी तो बदलता येणारा भाग झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी ज्या धर्मात मागच्या जन्मीच्या पापाचा हिशेब होता तो धर्मच सोडला. बेबीताईंच्या पुस्तकात आषाढातल्या देवीचं वर्णन इतकं स्पष्ट आलं, कारण लिहिताना त्या देवीपुढे वाकलेल्या नव्हत्या. पुढे त्यांनी फलटणजवळ निंबोऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ मध्ये त्या गेल्या.

जे वारीत राहिले त्यांच्या श्रद्धेला यामुळे कमीपणा येत नाही. सोयराबाई सोडून गेली नाही, दारात उभी राहून तिने सवाल घातला. बेबीताई निघून गेल्या. सिलीने देव बदलून घेतला. बेबी सग्ज थकली. चौघींच्या चार वाटा, आणि यातली एकच खरी असं ठरवायचा अधिकार दाराच्या आतल्या माणसाला तरी नाही.

सणसरहून सकाळी पालखी उठते आणि बेलवाडीला जाते. तिथे तुकोबांच्या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण होतं. झेंडेकरी धावतात, तुळशी घेतलेल्या बायका धावतात, घोडे धावतात. मग निमगाव केतकी, इंदापूर, आणि पुढे पंढरपूर. तिथे महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं तेव्हा त्या समाधीपुढचं दार सगळ्यांना उघडलं. आता सोयराबाईचा अभंग ओठांवर घेऊन तिच्या वस्तीच्या बायकाही त्याच दारातून आत जातात, आणि ज्याला तिने विचारलं होतं त्याच्या पायांवर डोकं ठेवतात.